कडक मावशीचे हात

आमची कडक मावशी हॉटेलांच्या चादरी धुते. तीस वर्षं झाली. हे नाव खळ लावलेल्या चादरींमुळे पडलं असं ती सांगते. तिच्या जिभेशी ज्यांची गाठ पडली आहे ते वेगळं सांगतात. धुलाईखान्यात दगडी टाक्या, आठ बायका आणि हिवाळ्यात बोटं बधिर करणारं पाणी. भिंतीपलीकडे बॉयलर धडधडत असतो, पण त्याची वाफ इस्त्रीच्या यंत्राला. टाक्यांवर गरम पाण्याचा एक नळ द्या, एवढीच आमची मागणी; बायकांच्या वतीनं ती मांडते मी. मालक म्हणतो, गार पाण्यानं कुणाला काही होत नाही. शेवटी कामगार अधिकाऱ्यापुढं सुनावणी लागली. पुरावा एकच: मावशीची सुजून लालभडक झालेली बोटं, एकात अंगठी रुतून बसलेली. डॉक्टरचा कागद नाही. मी तिला तीनदा दवाखान्यापर्यंत ओढत नेलं, तीनदा ती ‘खाडा पडतो’ म्हणून दारातून परतली.

सुनावणीच्या आदल्या सकाळी आम्ही दोघी शहरात उतरलो. साक्षीदारांसाठी ठरवलेल्या सरकारी विश्रामगृहातले नळ थंडीनं फुटले होते, म्हणून आमची रवानगी एका बड्या हॉटेलात झाली. बडं म्हणजे असं की दार उघडायला एक माणूस आणि लिफ्टचं बटण दाबायला दुसरा. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, आत पाय गालिच्यात रुतत होते. म्हटलं, चला, एक दिवस तरी ही बाई सुखानं लोळेल.

कसलं काय! खोलीत पाऊल टाकताच तिनं पलंगावरची चादर नाकाला लावली.

“दोनच पाण्यांतून काढलीय. तिसरं पाणी कुणीतरी खाल्लं.”

“मावशी, त्यावर झोपायचंय. तिची परीक्षा नाही घ्यायची.”

“तुला कळायचं नाही, पुढारीणबाई. ब्लीचचा वास मारतोय.”

मी न्हाणीघरातला टब गरम पाण्यानं भरून दिला, साबणाची बाटली हातात कोंबली, तासभर पडून राहा म्हणून बजावलं आणि माझं चार पानी निवेदन घोकायला खाली गेले. परत येऊन पाहते तर टबात चादर! बाह्या वर सारून, गुडघे टेकून बाई ती खळबळत बसलेली.

“मी अंघोळ कर म्हटलं होतं!”

“अंघोळ काय, घरीही करते. चादर गरम पाण्यातून आयुष्यात पहिल्यांदा काढतेय. गप बस जरा.”

मग दुसरी चादर. मग अभ्रे. मग टॉवेल, जे आम्ही अजून वापरलेही नव्हते. खोली आवरणारी बाई आली आणि खुर्च्यांवर वाळत घातलेला पसारा बघून तिनं कपाळावर हात मारला.

“ताई, यांना आवरा हो. माझी नोकरी जाईल!”

मावशीनं तिच्याच हातात चादरीचं दुसरं टोक दिलं. “उलटा पीळ दे गं, उलटा! शिकवलं नाही का कुणी?” दोघी खिदळत होत्या. जळफळत होते ती मी एकटी. आपण माणसाला सुखाच्या दारात नेऊन बसवावं आणि त्यानं तिथेही कामाला जुंपून घ्यावं, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सुनावणीची सकाळ. मावशीनं हात पुढं केले. सूज उतरली होती, लाली फिकी पडली होती.

“बघ, अंगठी फिरते!”

“छान! आता अधिकाऱ्याला काय दाखवू? गालिचा?” माझं डोकंच फिरलं. “जा, गार पाण्याचा नळ सोड आणि अर्धा तास हात धर त्याच्याखाली.”

तिनं हात मागं घेतले. “गरम पाणी तुला माझ्यासाठी हवंय की भाषणासाठी?”

मी निवेदनाची पानं पिशवीत कोंबली. लाज वाटली म्हणून नव्हे, तेव्हा रागच आला होता. तिचा, माझा, त्या टबाचा. लाज नंतर वाटली, जिना उतरताना.

सुनावणीत अधिकाऱ्यानं चष्मा पुढं ओढून तिची बोटं पाहिली. मालकाचा वकील टपलेलाच होता.

“साहेब, हात तर ठणठणीत आहेत.”

मी निवेदन घेऊन उठले, तर मावशीनं मला कोपर मारून खाली बसवलं.

“काल दिवसभर धुतलंय मी, साहेब. हात हेच, काम हेच. पाणी तेवढं गरम होतं.” तिनं अंगठी काढून टेबलावर ठेवली. “दोन हिवाळे ही बोटातून हलत नव्हती. आठ दिवस परत टाकीवर बसते, मग घालून दाखवा.”

वकील कागद चाळायला लागला. अधिकाऱ्यानं अंगठी उचलून मावशीला परत दिली आणि डायरी उघडली.

“उद्या मी स्वतः येतो टाक्या बघायला. अकरा वाजता.”

“सहाला या,” मावशी म्हणाली. “अकराला टाकीत ऊन पडतं. तेव्हा मालकसुद्धा हात घालून दाखवेल.”

अधिकाऱ्यानं अकरा खोडून सहा लिहिलं.