स्वयंपाकघरामागची खोली

गोमती नगरातल्या त्या भाड्याच्या घराची घटना अजून माझ्या मनातून जात नाही. नव्वदच्या दशकात मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. वसाहत नवी होती. एका घरात एकच कुटुंब राहायचे आणि भाडेकरू ठेवला तर त्याची माहिती ठाण्यात द्यायची, असा नियम होता.

एका सकाळी निनावी फोन आला. "साहब, उस मकान में फैमिली बताकर रह रहे हैं, पर रसोई के पीछे वाली कोठरी में एक आदमी छिपा रखा है." त्या काळी भाड्याच्या घरांतून फरारी गुन्हेगार सापडत. मी दोन शिपाई आणि एक महिला शिपाई घेऊन लगेच निघालो.

भाडेकरूने दार उघडले. पस्तिशीचा शाळामास्तर, घरात बायको आणि लहान मुलगी. "हम तीन ही हैं," तो म्हणाला, पण बायकोची नजर आत वळली. स्वयंपाकघरामागच्या खोलीला बाहेरून कडी होती आणि खिडकीला आतून पुठ्ठा ठोकलेला. कडी काढली. गणवेश दिसताच एक दाढीवाला माणूस खाटेखाली शिरला.

"मेरे बड़े भाई हैं, साहब. दिमाग ठीक नहीं है," मास्तरने हात जोडले. "मकान मालिक की शर्त थी, सिर्फ मियां-बीवी और बच्ची. भाई को कहाँ छोड़ता?"

मला पटले नाही. नवरा-बायकोची वेगवेगळी चौकशी केली. उत्तरे इतकी जुळली की पढवल्यासारखी वाटली. त्यांच्या गावच्या ठाण्याला वायरलेस केला. संध्याकाळी उत्तर आले: माणूस खरा, गुन्हा एकही नाही, त्याचे वेड साऱ्या गावाला ठाऊक.

आता माझा संशय दुसरीकडे वळला. शेजाऱ्यांकडे विचारले, तर त्या माणसाची कोणालाही कल्पना नव्हती. मग फोन करणाऱ्याला थेट खोली कशी माहीत? मी घरमालकाला बोलावले. अमीनाबादच्या बाजारात त्याचे कापडाचे दुकान होते.

"मैं तो साल भर से उधर गया ही नहीं," तो म्हणाला.

"आपके मकान में एक आदमी मिला है."

"अच्छा, वो कोठरी वाला?" तो बोलून गेला.

खोलीचा मी उल्लेखच केला नव्हता. थोडे दरडावल्यावर त्याने कबूल केले, फोन त्यानेच केला होता. नळ दुरुस्त करून घ्यायला तो मध्यंतरी येऊन गेला होता, तेव्हा कडी लावलेल्या दाराआडून माणसाचा आवाज ऐकू आला होता. मुलाच्या लग्नाआधी त्याला घर रिकामे हवे होते. "कोर्ट में बरसों लगते, साहब. पुलिस एक दिन में करा देती."

मालकाला समज दिली. मास्तरला सांगितले, "भाई भी फैमिली ही है. आराम से रहिए." पण आठवडा संपायच्या आतच त्याने सामानासाठी टेम्पो आणला.

"क्यों?" मी विचारले.

"अब मोहल्ले में कोई बच्ची को खेलने नहीं बुलाता."

पुढे नोकरीभर, निनावी खबर आली की जीप काढण्याआधी मी हाताखालच्यांना विचारायचो: याला हे कळले कसे, आणि यातून त्याला काय हवे आहे? पोलीस एकदा दारात उभा राहिला की निर्दोष सुटलेला माणूसही पूर्वीचा राहत नाही.

त्या दिवशी टेम्पोत सामान चढेपर्यंत तो भाऊ रस्त्यावर उन्हात उभा होता, अगदी शांत. गच्च्यांवरून लोक त्याच्याकडे पाहत होते. खाली उतरून मदतीला कोणी आले नाही.