अण्णांची फुगलेली फाइल

जगातली कुठलीही वस्तू टाकून देता येते, यावर ज्यांचा मुळीच विश्वास नाही अशा माणसांनी उद्या संघटना काढली, तर आमचे अण्णा बिनविरोध अध्यक्ष होतील आणि पहिल्या सभेतले कागदी कप धुऊन दुसऱ्या सभेसाठी ठेवतील. अण्णा म्हणजे माझे सख्खे भाऊ वगैरे नव्हेत. बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघते, तिथले ते माझे वरिष्ठ. मूळचे निपाणीचे, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात आणि परत येताना 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, असं काहीबाही सोबत घेऊन येतात. मी पुण्याची. मारतहळ्ळीहून सगळं बेंगळुरू ओलांडून मी पीण्याला पोचते तेव्हा आधीच चिडलेली असते, आणि समोर अण्णा.

कारखान्याची मेल आमच्याच सर्व्हरवर येते आणि तिच्या दारात अण्णांनी एक चाळणी बसवली आहे. फालतू मेल ओळखता यावी म्हणून ही चाळणी प्रत्येक शब्दाची नोंद ठेवते: भल्या मेलमध्ये किती वेळा दिसला, लबाड मेलमध्ये किती वेळा. बरेच दिवस न दिसलेले शब्द ती आपणहून विसरते, म्हणून नोंदींची फाइल आटोपशीर राहते. म्हणजे राहिली असती. अण्णांनी ते विसरणंच बंद करून ठेवलं होतं. औषधं विकणारे भामटे औषधाच्या नावात मध्येच टिंब टाकतात, नाहीतर 'ओ'च्या जागी शून्य. असा प्रत्येक अवतार त्या फाइलमध्ये सुखाने नांदत होता. "शत्रूला विसरून कसं चालंल गं?" असं अण्णा मलाच विचारायचे. अडवलेली मेल ते रोज सकाळी कॉफीबरोबर वाचत, न जाणो एखाद्यावर अन्याय झाला असेल! परदेशातली कुणी विधवा आपली इस्टेट त्यांच्या नावे करायला वर्षानुवर्षं उत्सुक होती. तिची मेल चार दिवस आली नाही की अण्णांचा चेहरा उतरायचा. "बाईंची तब्येत बरी असंल न्हवं?"

फाइल फुगत गेली तशी अण्णा तिला जागा करून देत गेले, पण दुसऱ्यांना उठवून. जुनी ड्रॉइंग पेनड्राइव्हवर गेली. "स्वल्प सरक की," म्हणत त्यांनी माझा प्रोग्राम कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मशीनवर टाकला, तिथे तो सुरू होईपर्यंत माझं जेवण उरकायचं. मालकांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांनी सीडीवर काढले आणि ती सीडी इतकी जपून ठेवली की अजून सापडलेली नाही. मी समजावलं, भांडले, शेवटी अबोला धरला. अण्णांना तो कळलाच नाही.

व्हायचं तेच झालं. एका सोमवारी डिस्क काठोकाठ भरली आणि एकही मेल आत येईना. कोइमतूरच्या मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर परत जातेय असा फोन आल्यावर मालक स्वतः खाली आले. "अण्णा, शाम तक वो फाइल साफ करो. नहीं तो कल से ये सर्व्हर बंद, मेल बाहर की कंपनी को." एवढं बोलून ते गेले. मला मनातून आनंद झाला होता, लपवत नाही.

"अण्णा, एकच कमांड आहे. वर्षभरात न दिसलेले शब्द तेवढे जातील, बाकीचे राहतील. मारू?"

"त्यातच जाईल गं ती."

"कोण?"

त्यांनी फाइलमधला एक शब्द शोधून दाखवला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला: जेवलास. भल्या मेलमध्ये शेकडो वेळा, लबाड मेलमध्ये एकदाही नाही. निपाणीहून त्यांची थोरली बहीण, अक्का, रोज दुपारी मेल करायची. जेवलास का रे बाळा, एवढंच. अक्का जाऊन वर्ष उलटलं होतं.

"तिच्या मेल असतील ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आहेत की. पण ही चाळणी पण ओळखती तिला. हिनं विसरलं, तर अख्ख्या बेंगळुरात अक्काला ओळखणारा मी एकटाच राहिलो बघ."

मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. त्या सर्व्हरवर माझं म्हणून जे काही उरलं होतं ते मी पुसलं. एखादी मेल आत यायला तेवढी जागा पुरली. मग फोनवरून अण्णांना तशाच इंग्रजी अक्षरांत मेल लिहिली: जेवलात का? शब्द आज दिसला म्हणजे आज तरी जाणार नाही.

अण्णांनी स्क्रीनकडे बघून मान हलवली. "हा वेगळा शब्द झाला गं."

खरंच की. यंत्राला कुठली अहो-जाहो कळायला! कडाक्याच्या भांडणातसुद्धा मी ज्यांना 'तुम्ही' म्हटलं, त्या माणसाला आता अरे-तुरे करायचं होतं. मान खाली घालून मी लिहिलं: जेवलास का रे बाळा?

ती मेल पोचली. मग कमांड मारली. फाइल मुठीएवढी झाली, कोइमतूरची ऑर्डर आली, मालकांचा जीव भांड्यात पडला. अण्णा त्या एका ओळीकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. त्यांचं उत्तर होतं: नाही अजून. तू?

शब्द जिवंत ठेवायला वर्षातून एकदा मेल केली तरी पुरते, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी रोज दुपारी करते.