पैलवानाचे पाय

"हात पुसा आधी, पावणं!" आमचे फ्रेमवाले मामा गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायच्या आधी हे म्हणायचे. मग स्वतःची बोटं सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि भिंतीवरची एक चौकट खाली काढायचे. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारीच, त्यामुळे हा खेळ मी रोज फुकट पाहिला.

चौकटीत काचेमागे पैलवानांची छोटी चित्रं होती. मामांच्या लहानपणी गोळ्यांच्या पुडीत एकेक निघायचं. तुमच्याही घरी कुणीतरी अशी चित्रं जमवली असतील आणि त्यांचं पुढं काय झालं तेही तुम्हाला ठाऊक असेल. पोरांनी ती चड्डीच्या खिशात चुरगाळली, पैजेवर लावली, खळीनं कपाटाला चिकटवली आणि झुरळांनी खळीसकट खाल्ली. धड संच कुणाकडं सापडतच नाही. मामांच्या चित्रांचेही कोपरे झिजलेले, एका पैलवानाला तर कुणी शाईच्या मिशा काढलेल्या. पण सगळे हजर होते. शेवटचं घर तेवढं रिकामं.

"ह्यातला कुठं गेला?" असं गिऱ्हाइकानं विचारायचा अवकाश, मामा खिशातून अर्धं चित्र काढायचे. लंगोटापासून खाली नुसते पाय.

"मुंडकं जयसिंगपुरात हाय," ते सांगायचे.

जयसिंगपूर म्हणजे त्यांचा लहानपणीचा जोडीदार, आता तिथला बडा व्यापारी. मामा त्याचं नाव घेत नसत, गावाचं घेत. दोघं पोरं कुस्तीच्या मैदानाला गेलेली. मामांच्या पैलवानानं त्याच्या पैलवानाला चीत केलं. मामा त्या जिंकलेल्या पैलवानाचं चित्र नाचवत ओरडले, तर त्यानं ते ओढून टरकावलं आणि वरचा तुकडा घेऊन पळाला.

"हरला तर हरला की! फाडायचं काय काम? एक डाव मुंडकं हातात येऊ दे, त्याच्या डोळ्यांदेखत फाडतो का न्हाय बघ."

लोक म्हणायचे, जाऊ द्या हो, कागदच तो. मला हे 'जाऊ द्या'वाले कधीच आवडले नाहीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मलकापूरच्या एकानं तेच चित्र अख्खं आणून दिलं, तर मामांनी परत केलं. "अख्खं नको. मला त्येच मुंडकं पायजे."

आणि गेल्या वर्षी जयसिंगपूर स्वतः आला. काठी टेकत. त्यानं एक डबी उघडली आणि मुंडकं मामांपुढं धरलं.

"लई झालं गा. जोडून टाकूया."

मी झेरॉक्स सोडून दारात आलो. मुंडकं नव्यासारखं होतं, फेट्याचा लाल रंगसुद्धा तसाच. ज्यानं फाडलं त्यानं जपलं होतं आणि मामांनी आपले पाय दाखवून दाखवून पार मळवले होते. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली, मुंडकं दोन्ही हातांत धरलं. फाडा मामा, फाडा, असं मला आतून वाटत होतं. पण त्या हातांना ते जमेना.

"घेऊन जा," मामा म्हणाले. "आता तू बस मुंडकं घिऊन. पाय काय तुला घावायचं न्हाईत."

त्यानंतर त्याचे फोन यायला लागले. मामा फोन माझ्या हातात द्यायचे, "सांग, मामा कामात हाईत," आणि शीळ घालत काचा कापायचे. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

यंदा मामा गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती द्यायची होती. त्याआधी मामींनी मला बाजूला बोलावून ते पाय दिले. "तुम्हीच ठेवा त्यांच्या खिशात. सांगून गेल्यात." मी हात पुसले आणि ठेवले.

पाचव्या दिवशी जयसिंगपूर आला. डबी घेऊनच.

"वैनी, ते पाय एकदा द्या. जोडतो, आन दोन्ही हितंच ठेवून जातो."

मामींनी त्याच्यापुढं चहा ठेवला. "पाय त्यांच्यासंगं गेलं, भावजी."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डबी उघडीच राहिली आणि तो म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. चहावर साय धरली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.