ट्रेवर नंबर लावू नये

मशीनच्या पडद्यावर शकुंतलाबाईंचं नाव होतं आणि नावाखाली नऊ पुस्तकं. बाईंनी निवडलं होतं एकच.

"मॅडम, हे पोलीस भरतीचं पुस्तक माझ्या नावावर का चढायलंय?" वालूरच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई चष्मा सावरत म्हणाल्या. "ह्या वयात मला मैदानावर पळवायलात का?"

बाईंच्या मागे मशीनच्या पाहणीला आलेले साहेब उभे होते. ते फाइल उघडून लिहू लागले. मला नेमकं तेच नको होतं.

आमच्या वाचनालयात देवघेव काउंटरवरचे क्लार्क निवृत्त झाले आणि जागा रिकामीच राहिली. पुस्तकं देणं-घेणंही माझ्याकडे आलं. ग्रंथपालाची बाकीची कामं होतीच. अशात हे सेल्फ-सर्व्हिस मशीन चाचणीसाठी मिळालं. लोक वापरतात असं दिसलं तर राहणार, नाही तर दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. मशीन गेलं म्हणजे मी दिवसभर काउंटरला बांधलेली.

मशीन सोपं आहे. प्रत्येक पुस्तकात आरएफआयडीचा स्टिकर असतो, आत बारीक चिप. बारकोडसारखं एकेक पुस्तक दाखवावं लागत नाही. वाचकानं कार्ड लावायचं, पुस्तकं ट्रेवर ठेवायची. ट्रेवर जे असेल ते सगळं मशीन एका दमात वाचतं आणि त्या कार्डावर चढवतं.

साहेब येणार म्हणून मी नेहमीच्या वाचकांना आवर्जून बोलावलं होतं. ट्रे पुसला, इन्व्हर्टर तपासला, कार्डं चालतात का पाहिलं. वाचक आले. आले आणि त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. रेशनला पिशवी, टँकरला घागर, एसटीच्या सीटवर रुमाल, तशी ट्रेवर पुस्तकं ठेवून नंबर लावले आणि पंख्याखाली जाऊन बसले. सगळ्यात पुढे शकुंतलाबाई. त्यांनी कार्ड लावलं.

मी इंजिनिअरला फोन केला.

"मॅडम, मशीन बरोबर चालतंय. टेस्टिंगसाठी दोन पुस्तकांचं लिमिट काढलंय, म्हणून सगळी चढली."

"मग चुकलं कोण?"

"यूजर अवेअरनेस कमी पडतोय. बोर्ड लावा."

बोर्ड लावलेलाच होता. त्यावर कुणीतरी टोपी अडकवली होती.

"लोक वापरतात का हे?" साहेबांनी विचारलं.

"आज तर नऊ जणांनी एकदम वापरलं, साहेब."

ते हसले नाहीत. मी शकुंतलाबाईंची जास्तीची पुस्तकं रद्द केली आणि जरा विचार केला. लोकांची सवय बदलायला वेळ नव्हता. नंबर तर लागणारच. तो कुठं लागावा, एवढंच माझ्या हातात होतं. मासिकांचं लांब टेबल ओढून मशीनपासून चांगलं दूर ठेवलं.

"नंबर इथं लावा."

पुढचं काही सांगावं लागलं नाही. पुस्तकं उचलली गेली, टेबलावर ओळ लागली. पेडगावचे एक काका मध्येच घुसायला लागले तर दोघांनी त्यांचं पुस्तक उचलून शेवटी ठेवलं. मग एकेक जण पुस्तक घेऊन मशीनकडे जाऊ लागला. साहेब बघत राहिले.

"मलाही करून बघायचंय," थोड्या वेळानं ते म्हणाले. मी चाचणीचं कार्ड दिलं. त्यांनी एक पुस्तक निवडलं, ओळीच्या शेवटी ठेवलं, त्यावर आपली फाइल ठेवली आणि चहाला गेले.

लोकांनी फाइल इमानदारीनं पुढे सरकवली. चहा लांबला. शकुंतलाबाई पुस्तक मिळूनही गेल्या नव्हत्या. आता ओळीवर त्यांचीच देखरेख होती.

"ही फाइल कुणाची हाय?" वर्गात विचारावं तसं त्यांनी दारातून विचारलं. "नंबर आलाय. येत नसाल तर मागे टाकायलेय."

साहेब कप ठेवून लगबगीनं आले.

मशीन आमच्याकडेच राहिलं. अहवालात साहेबांनी एक ओळ जास्तीची लिहिली: मशीनसोबत एक लांब टेबल द्यावं. त्या टेबलाची मंजुरी अजून आलेली नाही. मासिकं सध्या खिडकीत ठेवते.