गुरुवारच्या बाजारातली वाट

वरच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर जिना उतरताना कोणाच्याही 'गुटेन मॉर्गन'ला उत्तर देत नसत. ओठ हलत राहत, नजर पायांवर असे, आणि शेवटची पायरी उतरल्यावरच ते मान वर करून म्हणत, "आल्झो, चौपन्न पायऱ्या. आता बोला." जर्मनीतल्या येनामध्ये येऊन मला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. नवरा भिंगांच्या कारखान्यात सकाळी जाई, तो अंधार पडल्यावर परते. दिवसभर सोबतीला हीटरमधल्या पाण्याची कुजबुज तेवढी असे. त्यामुळे, आकडा का असेना, कोणीतरी आपल्याला काहीतरी सांगितलं, याचंच मला अप्रूप वाटलं.

मी पुण्याला इंग्रजी साहित्य आणि जर्मन भाषाही शिकले आहे हे कळल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. त्यांच्या घराला जुन्या कागदांचा, विझलेल्या पाइपचा आणि सफरचंदाच्या सालींचा वास होता. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा पश्चिमेकडे स्थायिक झालेला. तो रविवारी फोन करी. उरलेली सारी जागा एका गावाने व्यापली होती. ऑल्डरविक हे पूर्व इंग्लंडमधलं, दर गुरुवारी बाजार भरणारं जुनं गाव. बाजाराची राजसनद, दुकानांचे कर, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जळून गेलेल्या धान्यवखारीची हकिगत... तिथल्या ग्रंथपालाने वर्षानुवर्षं टपालाने धाडलेल्या नकलांच्या फायली पार छतापर्यंत पोचल्या होत्या. त्यांवरून ते त्या गावाचा इतिहास लिहीत होते. मी विचारलं, आपल्याच गावाचा इतिहास का नाही लिहिलात? ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "युद्धावरून परतलो तेव्हा आमच्या चौकात मोजायला घरं उरली नव्हती."

एकोणिसाव्या वर्षी ते युद्धकैदी म्हणून ऑल्डरविकजवळच्या छावणीत होते. दोन हिवाळे त्यांनी तिथल्या शेतांतून बीट उपटलं. छावणीकडून शेताकडे जाणारा रस्ता गावच्या चौकातून जाई. गावकऱ्यांशी एक शब्दही बोलायची परवानगी नव्हती. "बोलायची बंदी होती, मोजायची नव्हती," ते सांगत. म्हणून त्यांनी चौक पावलांनी मोजला, दारं मोजली, खिडक्या मोजल्या. गुरुवारी चौक दुकानांनी गच्च भरलेला असे. चीज, ओली लोकर, कोंबड्या, माणसांचे श्वास. तरीही चर्चच्या फाटकापासून पाण्याच्या पंपापर्यंत एक वाट मोकळी असे, एका माणसापुरती रुंद. कैदी एकामागून एक तिच्यातून जात. हा या बाजाराचा फार जुना रिवाज असावा, अशी त्यांची खात्री होती. कदाचित मठातल्या साधूंचा हक्क, कदाचित प्रेतयात्रेचा. सनदेच्या कोणत्या कलमात तो लपला आहे, हे ते आयुष्यभर शोधत होते. मी घाई केली की म्हणत, "सावकाश, फ्राउ कुलकर्णी. गाव काही पळून जात नाही."

दर मंगळवारी मी त्यांच्या जर्मन पानांचं इंग्रजी करू लागले. माझ्या चहाला ते नावं ठेवत. त्यात अर्धं भाजीचं दुकान उकळलेलं आहे म्हणत आणि दुसरा कप मागून घेत. माझ्या भाषेवर मात्र त्यांची करडी नजर असे. एकदा मी चौकाला 'सुंदर' म्हटलं, तर त्यांनी तो शब्द खोडला. "किती पावलं, तेवढं लिहा. सुंदर आहे की नाही ते वाचणारा बघेल." कवितेवर वाढलेल्या मला ते बोचलं. घरी येऊन मी माझ्या जुन्या वह्यांतली कितीतरी विशेषणं पुसून टाकली.

ऑल्डरविकच्या इतिहास मंडळाने ते हस्तलिखित छापायचं कबूल केलं. अट एकच होती: नकाशातली ती वाट गाळावी, कारण तिचा पुरावा ना सनदेत आहे, ना कोणत्या मोजणीत. मी पत्र वाचून संपवलं तेव्हा हेर लिंडनर हातातल्या पेन्सिलीचं टोक अंगठ्याने चाचपत होते. ते म्हणाले, "ती वाट नव्हती, तर मग दोन हिवाळे मी कुठून चाललो?"

त्यांच्या सांगण्यावरून मी मंडळाला लिहिलं, की कोणा वृद्ध माणसाला काही आठवतं का, ते विचारा. वसंतात एका बाईंचं पत्र आलं. त्यांची आई चौकात लोणी विकत असे. त्यांनी लिहिलं होतं: "आम्हालाही बोलायची मनाई होती. म्हणून पहारेकऱ्याची शिटी ऐकू आली की आई आणि शेजारचे दुकानदार आपापली टेबलं मागे ओढत. कैदी मुलगे निघून गेले की टेबलं पुन्हा पुढे येत. एरवी तिथून मांजरसुद्धा जाऊ शकलं नसतं."

हेर लिंडनरांनी मला तो परिच्छेद तीनदा वाचायला लावला. त्या चौकाचा गुरुवार त्यांनी कधी उभं राहून पाहिलाच नव्हता. पाहिला तो नेहमी त्यातून जाताना.

"म्हणजे रिवाज नव्हता," ते म्हणाले. "ते पान काढा. नकाशातली वाटही."

आता तर पुरावा मिळाला, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी मान हलवली. "नाइन, नाही. तो गावाचा कायदा नव्हता. ते आमच्यासाठी होतं." शेवटच्या शब्दांपाशी त्यांचा आवाज इतका उतरला, की मी कपबशा आवरण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पुस्तक आलं तेव्हा ते नव्हते. पार्सल घ्यायला वर कोणी नाही म्हणून पोस्टमनने ते माझ्या दाराशी दिलं. नकाशात गुरुवारची दुकानं एकमेकांना चिकटून उभी आहेत, मध्ये बोटभरही जागा नाही.

त्या बाईंना पाठवायचं उत्तर मात्र त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं. एका मंगळवारी त्यांनी मला फक्त पाकिटावर पत्ता घालायला सांगितलं आणि कागद उघडाच समोर ठेवला. शेकडो पानांचं इंग्रजी माझ्याकडून करून घेणाऱ्या त्या माणसाने, शेतावर ऐकून शिकलेल्या इंग्रजीत, दुपारभर बसून एकच ओळ लिहिली होती: वाट पुरेशी रुंद होती.