फरशीखालचा नाद

"बाई, वाजवनं बंद करा!" शेजारचे काका ओरडले.

राजूरच्या समाजमंदिरात आम्ही सगळे डोळे मिटून सतरंजीवर उताणे पडलो होतो. ते एकटेच पालथे, तळहात फरशीला लावून. काकांचा सारा जन्म कोळशाच्या खाणीत गेला. सुरुंगांनी कान गेले, म्हणून ते नुसतं 'चहा घ्या' म्हणाले तरी वणीला निघालेली एसटी थांबते. ऐकायचं ते हातानं ऐकतात. माझ्या घरी आले की आधी भिंत चाचपतात, मगच बसतात.

मला झोप येत नव्हती, म्हणून मी आलो होतो. नागपूरच्या बाईंचं हे नादस्नान, म्हणजे पितळी वाडगे वाजवून झोप आणायचा प्रकार, आज फुकट होतं, उद्यापासून पैसे. काका ओरडताच बाईंनी वाडगे पोटाशी धरले. आवाज थांबला. मी काकांसारखा हात टेकवला, तर फरशी घुमतच होती. आणि फरशीखाली आहे जुनी खाण, माणसं आत गाडली गेली तेव्हापासून बंद पडलेली.

परतताना मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "काका, उद्याचे पैसे भरू का नको?"

आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले.

"तुमी भरा. खालचे तं फुकटच ऐकून राह्यले."