एका ‘उनी’ने केलेला घोटाळा

वाचक मंडळी, राम राम. पुस्तकांबरोबर गावोगाव फिरणारी आपली वही आज दुपारी आमच्या प्रकाशा गावी माझ्याकडे आली, म्हणून सकाळचीच गोष्ट लिहितो.

आपल्या फिरत्या वाचनालयाची खुनाची एक नवी कादंबरी मी आठ दिवस धोंडू सुताराला वाचून दाखवतो आहे. त्याला अक्षरओळख नाही. तो चाकाचे आरे तासतो आणि मी वाचता वाचता पुस्तकी मराठीची अहिराणी करतो. खुनी आपणच ओळखायचा, हा त्याचा हट्ट; त्याचा संशय गोष्टीतल्या आचाऱ्यावर. मी मात्र शेवट आधीच वाचून बसलेला.

आज पुस्तकात होते, ‘कोणीतरी आत आले.’ माझ्या तोंडून निघाले, "कोनीतरी मझार उनी." ‘उना’ म्हणजे आला, ‘उनी’ म्हणजे आली.

धोंडूच्या हातातला तासायचा वाकस थांबला. "उनी? म्हंजे खून करनारी बाई शे?"

मी घाईने पान उलटले.

"आठ दिन मी त्या आचारीमांगे लागेल व्हतू, नाना! आनि तू एक शब्दमा समदं सांगी टाकं!"

मी ओशाळून पुस्तक मिटले, तर म्हणाला, "वाच, वाच. पन पुढलं पुस्तक तू बी पहिले वाचू नको. दोन्हीजन संगे फससूत."

मला ते पटले. कादंबरी चांगली आहे, मधला जंगलाचा भाग तेवढा लांबतो. शेवटचे पान आधी बघायची खोड तुमच्यापैकी कोणाला आहे का?

आता वरचे पुन्हा वाचतो, तो काय! धानोऱ्याच्या मंडळींनो, हे पुस्तक तुमच्याकडे अजून यायचे होते, नाही का?